कोरड्या तारा

सत्यवान कोयंडे याने सातासमुद्रापलीकडून आणलेली पेटी सहा वर्षं मथुरेच्या माजघरात तांदळाचं सूप ठेवायच्या कामी आली. कधी सूप, कधी विळी, पावसाळ्यात न वाळलेले कपडे. पेटीला पुढून जाड जाळीचं कापड होतं, मागे शेपटीसारखी लांब वायर होती, आणि ती वायर खुपसायची जागा पंचक्रोशीत कुठेही नव्हती. वीज येणार, वीज येणार, असं पुढारी मालवणात दोनदा सांगून गेले होते. खांब काही आले नव्हते. तेव्हा पेटी मुकी, आणि त्या पेटीतून जिचा आवाज मोठा होऊन निघायचा ती विजेची गिटार अर्धीमुकी. गावाच्या तोंडाला मात्र कुलूप थोडंच असतं? "लोकांनी बोटीवरसून घड्याळां हाडल्यानी, रेशमी लुगडी हाडल्यानी," विहिरीवर बायका म्हणायच्या, "नि सत्यान काय हाडल्यान, तर इलायती तुणतुणा!"

मथुरा ही सत्यवानाची बायको. ही बोलणी तिच्या कानावर पडत. आपल्याला राग यायला हवा असं तिला वाटे, आणि ती त्याची वाट बघे. राग काही यायचा नाही. तसं पाहिलं तर तिला काहीच यायचं नाही. भाकरी भाजताना तव्याचा चटका बसला तर तो बोटाकडे बघून कळायचा. हे असं शेवंती गेल्यापासून.

शेवंती त्यांची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. ओहोटी लागली की खाडीच्या रेतीत तिसऱ्या मिळतात, शिंपल्यातलं ते इवलंसं मांस कालवणाला गोड लागतं. त्या दिवशी कालवणाला घरात काही नव्हतं म्हणून मथुरेनेच तिला टोपली देऊन पाठवलं. सत्यवान तेव्हा मालवाहू बोटीवर खलाशी. पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे, ते त्याच्या कंपनीलाच ठाऊक. दिवस कलला तशी मथुरा रोजच्यासारखी खाडीच्या धक्क्यावर गेली आणि तिने हाक मारली, "शेवंतेऽऽ गोऽऽ!" त्यातलं 'शेवंते' वर चढायचं आणि 'गो' खाली उतरायचं, मथुरा दमलेली असली की शेवटी आवाज जरा फाटायचा. अशी हाक गेली की कुठून तरी, कांदळाच्या झाडीतून म्हणा, कुणाच्या होडीआडून म्हणा, उत्तर यायचं, "इलंय गे आये!" आले म्हणायची आणि मग सवडीने यायची, ती गोष्ट वेगळी. त्या संध्याकाळी उत्तर आलं नाही. पाणी तेवढं आलं होतं, भरतीचं.

त्यानंतर मथुरेने कुणाला म्हणून हाक मारली नाही. कोंबड्यांनासुद्धा नाही. दाणे टाकून उभी राहायची, त्या आपणहून यायच्या.

सत्यवान काही महिन्यांनी परतला. तो आला की विचारेल, आपण सांगू, मग काय व्हायचं ते होईल, रडणं होईल नाहीतर भांडण होईल, अशा तयारीने मथुरा बसली होती. सत्यवानाने ट्रंक ठेवली, ती पेटी आणि गिटार ठेवली, विहिरीवर आंघोळ केली. शेवंतीचा झगा अजून दांडीवर होता, त्याच्याकडे बघितलं आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. कशी गेली, कुठे गेली, कुणी पाहिलं, काही म्हणून विचारलं नाही. त्याने विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. तिने सांगितलं नाही म्हणून त्याने विचारलं नाही. असा हा व्यवहार सहा वर्षं चोख चालला. बोलणं व्हायचं ते तांदूळ संपले, सुकी मासळी आणा, कौल फुटलंय, एवढ्यापुरतं. बोटीवर तो पुन्हा गेला नाही. काथ्याच्या एका वखारीत कामाला लागला, आणि संध्याकाळी पडवीत बसून ती मुकी गिटार वाजवू लागला.

पेटीविना त्या गिटारीचा आवाज तो किती! मातीच्या भिंतीपलीकडे डास गुणगुणावा, तितका. मथुरा चुलीपाशी बसून तो ऐके. ऐके म्हणजे काय, कान बंद करता येत नाहीत म्हणून ऐके. सुरुवातीला खालचे दोन-तीन टणत्कार, मग एक ओळ, मग तो थांबायचा. चांगला दम खाऊन पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबायचा. ह्याला पुढचं येत नसावं, असं तिने ठरवून टाकलं होतं. सहा वर्षं माणूस रोज त्याच जागी अडतो म्हणजे डोकं बेताचंच म्हणायचं.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकदा जेवताना सत्यवान म्हणाला, "माका बोट गावली. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीन मुंबयक जातलंय."

"बरा," मथुरा म्हणाली.

त्याने दोन घास खाल्ले. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "ह्या खेपेक परत येन काय नाय, ता सांगूक येवचा नाय. हय रवान करू तरी काय?"

आता आपण काहीतरी म्हणायला पाहिजे, हे मथुरेला कळत होतं. हा माणूस उंबरठ्यावर एक पाय ठेवून उभा आहे आणि एका शब्दासाठी थांबला आहे, इतकं न कळण्याएवढी ती खुळी नव्हती. तिने तो शब्द मनात सगळीकडे शोधला. जे घरात नाहीच ते मडकी पालथी घालून सापडत नाही. शेवटी तिने त्याला आणखी भात वाढला.

"आणखी एक," तो म्हणाला. "क्लबात इंजीन हाडलानी, वीज करूचा. मी भाईक इचारलंय. क्लबाच्या वाढदिवसाक एक सांज वीज दितंय म्हणालो तो. तू ये गो. एकदाच ऐक."

"सहा वर्सां ऐकतंय मां."

"नाय." सत्यवानाने पहिल्यांदाच मान वर केली. "तू ऐकलंस ती कोरडी तार. आवाज पेटयेत आसा."

बंदर क्लब म्हणजे मालवणातल्या मोठ्या माणसांची बसायची जागा. व्यापारी, वकील, कचेरीतले दोघे-चौघे, एक डॉक्टर. वर्तमानपत्रं यायची ती आदल्या आठवड्याची, आणि पत्त्यांचे डाव पडायचे ते मात्र ताजे. क्लबाचे अध्यक्ष भाई. भाई काथ्याचे मोठे व्यापारी आणि देवीच्या देवळातले मानकरी. सकाळी देवळात, संध्याकाळी रमीच्या टेबलावर, आणि दोन्हीकडे चेहरा सारखाच गंभीर. सत्यवान ज्या वखारीत काम करायचा ती भाईंचीच. नोकर माणूस कधी नव्हे ते काहीतरी मागतोय, इंजीन दाखवायचंच आहे, आणि मुंबईहून गवई आणायचा तर त्याची बडदास्त ठेवावी लागते, अशी सगळी गणितं जुळली, म्हणून हो म्हणाले. क्लबाच्या दारावर खडूने लिहिलेला फळा लागला. वर मोठ्या अक्षरांत 'विद्युत्‌प्रकाशाचे उद्घाटन', मग 'रमी स्पर्धेचे बक्षीस वितरण', आणि तळाशी जागा उरली होती तिथे 'गिटारवादन'. कोणाचं, ते लिहायला जागा नव्हती.

मथुरा जाणार नव्हतीच. पण शेजारच्या राधाबाई ऐकतील तर ना. राधाबाईंना गावातलं लग्न, मर्तिक आणि भांडण चुकलेलं आठवत नव्हतं. विजेचा दिवा त्या चुकवणार होय? "घोव थंय वाजयतलो नि बायल घरात?" त्या दारातूनच कडाडल्या. "लोक काय म्हणतीत? ऊठ! लुगडा बदल!" मथुरेने लुगडं बदललं. नको म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

संध्याकाळ अजून उजेडाची होती. बायकांची सोय मागच्या व्हरांड्यात, मध्ये बांबूचा चिकाचा पडदा. पडद्यातून समोर पुरुषांच्या टोप्या आणि टकलं दिसत, आणि त्यापलीकडे चौथऱ्यावर सत्यवान. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत चपला, आणि बाजूला ती पेटी. तिच्यावर सुपाचा गोल डाग पडला होता, तो इतक्या लांबूनही मथुरेला दिसला. परदेशी पेटीला आपल्याकडची वीज सोसत नाही म्हणून मुंबईहून मागवलेला लोखंडी ठोकळा तिच्याशेजारी होता. क्लबाच्या मागे माडाखाली इंजीन धडधडत होतं. दिवे लागले तसा पुरुषांनी "आऽऽ" केला, बायकांनी "अगे बाय!" केलं, आणि कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मथुरेने दिव्याकडे पाहिलं. दिवा होता.

भाईंनी भाषण केलं. भाषणाची भाषा शुद्ध. "आज आपल्या क्लबाने अंधारातून प्रकाशात पदार्पण केले आहे," असं सुरू झालं ते इंजीन कुठून आलं, कसं आलं, त्याला तेल किती लागतं, इथपर्यंत गेलं. बक्षिसं वाटली. पहिलं बक्षीस भाईंनाच होतं, तेव्हा ते त्यांनी संकोचाने स्वतःच्या हाताने घेतलं. मग म्हणाले, "आता आमचे श्रीयुत सत्यवान..." इथे वाकून आडनाव विचारलं, वखारीत सहा वर्षं कामाला असलेल्या माणसाचं, "...कोयंडे, आपले मनोरंजन करतील."

सत्यवानाने तारेवर बोट टाकलं आणि सगळा क्लब दचकला. व्हरांड्याखाली झोपलेलं कुत्रं शेपूट घालून पळालं. लोक हसले, सावरून बसले. "सत्या, सिनेमातला वाजय रे!" कुणीतरी ओरडलं. त्याने सिनेमातली दोन गाणी वाजवली. बरी वाजवली. ओळखीच्या ओळीला लोकांनी माना डोलावल्या, टाळ्या दिल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते पिसायला सुरुवात झाली. चिवड्याच्या बश्या फिरल्या. राधाबाई मथुरेच्या कानात म्हणाल्या, "बरो वाजयता गो तुजो घोव," आणि चिवड्याकडे वळल्या. मथुरेला वाटलं, झालं, ऐकलं. आता घरी जाऊन ट्रंकेत त्याचे शर्ट भरायचे, उद्या सकाळी आगबोट.

मग सत्यवान बोलला. चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस, तो चौथऱ्यावरून बोलला.

"आता एक माजा वाजयतंय. ह्याका थंय ब्लूज म्हणतत." त्याने गिटारीची एक खुंटी पिळली. "आमची बोट अमेरिकेत गोदीत होती, दुरुस्तीक. थंय कंपनीच्या एजंटान बोटीर येवन माका सांगल्यान, घराकडे असा असा झाला. मी उतरलंय नि चलत रवलंय. एका क्लबात शिरलंय. लोक पाठ करून पीत बसलेले. एक काळो म्हातारो अशीच गिटार वाजयत होतो, कोण ऐकत नव्हता. एक ओळ वाजयता नि गप रवता. एक ओळ वाजयता नि गप रवता. बोट सुटापर्यंत मी रोज थंय गेलंय. ह्या त्येच्याकडसून शिकलंय."

एवढंच. भाषण म्हणून काही कुणाला ते आवडलं नाही. पत्तेवाल्यांनी वरदेखील पाहिलं नाही. पण 'घराकडे असा असा झाला' हे शेवंतीविषयी सहा वर्षांत सत्यवानाच्या तोंडून निघालेले पहिले शब्द, आणि ते मथुरेला क्लबातल्या इतर लोकांबरोबर, चिकाच्या पडद्याआडून ऐकायला मिळाले. तिने पडद्याची एक काडी धरली.

सत्यवानाने औषधाच्या बाटलीची कापलेली मान करंगळीत चढवली, आणि सुरू केलं. खालचे दोन-तीन टणत्कार झाले मात्र, मथुरेने ओळखलं. हे तर तेच. पडवीतलं. भिंतीपलीकडचा डास. रोज पाण्यातून पाहिलेला मासा एकदा हातात आला की केवढा जड लागतो, तसं ते आता लागलं. बाटलीची काच तारेवरून सरकली आणि सूर वर ओढला गेला, तिथे थरथरला, आणि खाली आला. सत्यवान थांबला. नेहमीच्याच जागी.

आता इथे मालवणच्या माणसाची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही होत नाही. जत्रा असो, नाटक असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, कुणी जुनाजाणता पुढे होतो आणि देवाला एकेक मागणं सांगतो. एक मागणं सांगून थांबला की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तान्ह्या पोरापासून हे कानात. कुणी लांबण लावून काही मागितलं आणि थांबला, की आमचं तोंड आपोआप उघडतं. त्यात पुढच्या रांगेत हरिश्चंद्र बसलेला. हा होडीवाला, वाढदिवसाला क्लब सगळ्या गावाला उघडा म्हणून आलेला. गावच्या प्रत्येक गाऱ्हाण्याला त्याचा आवाज सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत मोठा. सत्यवानाची ओळ संपली, क्लब गप्प झाला, आणि त्या गप्पपणात हरिश्चंद्र मनापासून म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"

क्लब फुटला हसून. पत्तेवाल्यांचे पत्ते खाली पडले. हरिश्चंद्र बिचारा ओशाळला, टोपी काढून डोकं खाजवू लागला. सत्यवानाने मान वर केली नाही. त्याने तीच ओळ पुन्हा वाजवली, जरा वरच्या पट्टीत. थांबला. आता दहाजण ओरडले, "व्हय म्हाराजा!" मस्करीला ऊत आला. तिसऱ्या खेपेला सगळा क्लब ओरडला. बायकाही ओरडल्या, राधाबाईंच्या तोंडात चिवडा होता तरी.

पण चौथ्या खेपेला हसू कमी झालं. पाचव्या खेपेला कुणी हसलं नाही. हा बाबा काय मागतोय ते कुणालाच कळत नव्हतं. काहीतरी मागतोय, आणि ते फार दिवसांचं आहे, एवढं मात्र कळत होतं. आणि मागणाऱ्याला हो म्हणायचं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले, हळू आवाजात, देवळात म्हणतात तसं. पत्तेवालेही म्हणाले.

मथुरेने म्हटलं नाही. ती त्या थांबण्याचा विचार करत होती. म्हणजे तो अडत नव्हता तर. पुढचं येत नव्हतं असं नाहीच. तो जागा ठेवत होता.

कोणासाठी, ते त्याच ओळीच्या पुढच्या खेपेला कळलं. काच तारेवर वर चढली, तीनदा, आणि मग एका लांब उतारावरून खाली आली, आणि अगदी शेवटी सूर जरा फाटला. शेवंतेऽऽ गोऽऽ. मथुरेचा आवाज होता तो. दमलेल्या मथुरेचा, खाडीच्या धक्क्यावरचा. हा माणूस रजेवर घरी असताना पडवीत बसून ही हाक ऐकायचा, आणि ती त्याने जशीच्या तशी जगाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि परत आणली होती; आणि रोज संध्याकाळी तो ती मारत होता, कोरड्या तारेवर, आणि उत्तराला जागा ठेवत होता. आणि ती भिंतीच्या अलीकडे बसून म्हणत होती की ह्याचं डोकं बेताचं.

"व्हय म्हाराजा," क्लब म्हणाला.

चूक, मथुरेला वाटलं. हे उत्तर नव्हे. आणि तिला राग आला. मेल्यांनो, हे उत्तर नव्हे ह्या हाकेचं! सहा वर्षांत तिला पहिल्यांदा काही आलं ते हे. पडद्याची काडी तिच्या हातात मोडली.

राग भाईंनाही आला होता, पण तो वेगळा. मानकरी आता जागे झाले होते. ते उभे राहिले आणि त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "बंद करा रे ता!" ते गरजले. "देवाचा गाऱ्हाणा ह्या, नि तुमी हय पत्त्यांच्या टेबलार बसान त्येची चेष्टा करतात?" त्या टेबलावरचं पहिलं बक्षीस त्यांच्या काखेत होतं, ते त्यांच्या लक्षात नसावं. त्यांनी मागच्या खिडकीतून इंजीनवाल्याला हात केला. इंजीन दोनदा खोकलं आणि थांबलं. दिवे लाल होऊन विझले. पेटीतला सूर अर्ध्यावर होता; तो तिथेच मेला.

बाहेर सूर्य नुकताच बुडाला होता, खिडक्यांतून राखी उजेड येत होता. लोक एकमेकांची नजर चुकवत उठले. आपण मघाशी खरोखरच कशाला तरी हो म्हणालो होतो, याची त्यांना आता लाज वाटत होती. "कार्यक्रम संपला आहे, पानसुपारी घेऊन जावे," भाई पुन्हा शुद्ध भाषेत म्हणाले. चपलांची शोधाशोध सुरू झाली. कुणीतरी कंदील मागितला. चौथऱ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"चल गो, झाला," राधाबाई म्हणाल्या. "बरो चाललो होतो बाबडो. वीजच काढल्यानी."

मथुरा उठली नाही. ती कान देऊन होती. चपलांच्या आणि खुर्च्यांच्या आवाजाखाली, डासाच्या गुणगुणण्याएवढं काहीतरी चालू होतं. क्लबात तेवढ्या माणसांत ते ओळखणारे कान एकटे तिचे. सत्यवान थांबला नव्हता. वीज गेली काय नि राहिली काय, त्याचं सहा वर्षांत काही बिघडलं नव्हतं. तो वाकून कोरड्या तारेवर वाजवत होता.

ती उठली आणि पडदा सारून आत गेली. बायकांनी त्या बाजूला जायची रीत नव्हती. वाटेत दोघेतिघे बाजूला सरले, भाईंनी भुवया चढवल्या. ती खुर्च्यांमधून चौथऱ्याशी गेली आणि उभी राहिली. सत्यवानाला ती दिसली नाही, त्याची मान खाली होती. काच तीनदा वर चढली आणि लांब उतारावरून खाली आली. शेवंतेऽऽ गोऽऽ, इतकं बारीक की श्वास रोखल्याशिवाय ऐकू येऊ नये. तो थांबला.

"इलंय," मथुरा म्हणाली.

सत्यवानाचा हात तारेवर तसाच राहिला. मग, आपल्याला भास झाला असावा अशा समजुतीने, त्याने ती हाक पुन्हा एकदा वाजवली.

"इलंय गे आये," मथुरा म्हणाली, शेवंती म्हणायची तसं, पूर्ण. आणि मग ती चौथऱ्याच्या पायरीवर बसली, त्या पेटीला टेकून.

सत्यवानाने बोटातली काच काढली. गिटार मांडीवरून उतरवली. क्लब रिकामा होत होता, कोपऱ्यात कंदील लागला होता आणि पत्ते पुन्हा पिसले जात होते. तो तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसला. मग त्याने विचारलं.

"तू खंय उभी होतंस?"

"धक्क्यार," मथुरा म्हणाली. "शेवटच्या दगडार."

"व्हय."

"पाणी चडत होता."

"व्हय."

"मीच धाडलंय तिका. कालवणाक काय नव्हता."

"व्हय गो," सत्यवान म्हणाला. ती एकेक सांगत गेली आणि प्रत्येक वाक्याला तो व्हय म्हणत गेला, भाईंच्या नोकराने येऊन दारं लावायची आहेत असं सांगेपर्यंत. मग दोघांनी पेटी दोन बाजूंनी उचलली आणि घरी नेली. वाटेतही ती सांगत होती. मध्येच कुठेतरी तिच्या हाताला पेटीची कड रुतली, आणि ती दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाआधीची शेवटची आगबोट बंदराबाहेर येऊन उभी राहिली. उतारूंना बोटीवर पोचवणारा हरिश्चंद्र होडी घेऊन कोयंड्यांच्या घराखालच्या किनाऱ्याशी आला आणि त्याने हाक मारली, "सत्यवानाऽऽ! चल रे, बोट लागली!" त्याचा आवाज केवढा ते सांगायला नकोच. त्याने दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. घराचं दार उघडं होतं, चुलीचा धूर निघत होता, आणि आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. ओ कुणी दिली नाही. हरिश्चंद्राने थोडी वाट पाहिली आणि होडी लोटली.